दहा पावलं मागे

बोगोता, ९ सप्टेंबर २००८

प्रिय मिर्याम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळं ठीक. थंडी नेहमीचीच. तुझे गुडघे गेले असं लिहिलंयस. माझे अजून शाबूत आहेत, डोळे मात्र सुईत दोरा ओवू देत नाहीत. तरी शाळेच्या गणवेशांचं काम येतं आणि मी घेते. घरी बसून भिंतीशी किती बोलणार?

बत्तीस वर्षांत तुझं हे चौथं पत्र. पहिलं व्हेनेझुएलात सुखरूप पोचल्याचं, दुसरं लेक योलिमार झाल्याचं, तिसरं आई गेल्यानंतरचं, घराच्या कागदांवर सह्या हव्या होत्या तेव्हाचं. मी मोजत बसते असं समजू नकोस. सगळी एकाच पाकिटात मावतात म्हणून लक्षात आहेत.

एवारिस्तो गेल्याचं तू मार्चमध्ये फोनवर कळवलंस, तेव्हा मला धड बोलता आलं नाही. लाइन खराब होती. नवरा गेल्यावर बाईनं काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही, तेव्हा त्याबद्दल मी काही सल्ला देत नाही. तू जेवत असशील अशी आशा आहे.

पत्रात तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, योलिमार आणि तिचा विल्मेर ऑक्टोबरात पंधरा दिवस इथं येणार, लग्नाआधी दोघांना हा मुलूख बघायचाय, तर तू आणि एवारिस्तो जिथं जिथं फिरायला जायचात त्या जागांची यादी मी करून द्यावी. दुसरी, एवारिस्तो जाताना ‘मला मोन्सेरातेवर ठेव’ असं का म्हणाला. तो डोंगर तर तुम्ही जोडीनं कधी चढलाच नाहीत.

दुसरीचं मागून बघू. आधी यादी.

‘तुला सगळं आठवत असेल ताई, तू तर प्रत्येक वेळी बरोबर होतीस,’ असं लिहिलंयस. होते ना. चार वर्षं, एकही रविवार न चुकवता. तुला तरी आठवतंय हे वाचून बरं वाटलं, कारण तू पाठवलेल्या जुन्या फोटोंच्या आल्बममध्ये मी एकाही फोटोत नाही. सगळे फोटो मीच काढलेत.

झिपाकिराला नक्की जावं म्हणावं. मिठाच्या खाणीतलं चर्च. आपण पाहिलेलं जुनं आता बंद आहे, नवं त्याहून मोठं कोरलंय आणि आत निळे-जांभळे दिवे लावलेत. जोडप्यांना ते फार आवडतं, कारण अंधार असतो. आईलाही हे माहीत होतं. म्हणून एरवी ती मला म्हणायची, “नोरा, दहा पावलं मागे. कमी नाही, जास्त नाही.” आणि झिपाकिराला निघताना म्हणायची, “आज पाच.” तर मी चांगली चोवीस वर्षांची घोडी, तुमच्यामागे पाच पावलांवर चालले होते आणि एवारिस्तोनं भिंतीला जीभ लावली. “ताई, खरंच खारट आहे हो! तुम्हीपण बघा चाखून!” माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा बाप्या, पण तुझ्यामुळे मी त्याची ताई झाले होते. तू इतकी हसलीस की पुढचे पाद्रीबाबा वळून बघायला लागले. तुम्ही पुढं गेल्यावर मीही ती भिंत चाटली होती. त्यानं जिथं चाटली तिथंच. खारट होती.

ग्वाताविताच्या जलाशयावर अजून होड्या मिळतात. आपली होडी आठवते का? तिघांचीच जागा. तो वल्ह्यांवर, तू पलीकडच्या टोकाला आणि मध्ये मी. त्यानं तुझ्याकडे बघायचं म्हटलं की मध्ये माझं तोंड. चार वर्षांत त्यानं तुला जे काही गोड-गोड सांगितलं ते सगळं माझ्या खांद्यावरून गेलं. पोरांना म्हणावं, दोघंच बसा.

चोआचीची गरम पाण्याची कुंडं. डोंगरापलीकडे, बसनं दीड तास. तुम्ही पाण्यात, आणि मी काठावर लोकरीचा रुआना पांघरून, टॉवेल, दोन घड्याळं आणि त्याचा चष्मा मांडीवर घेऊन. “ताई, निदान पाय तरी बुडवा!” तो ओरडायचा. त्यावर तू म्हणायचीस, “राहू दे रे, तिला नाही आवडत.” मिर्याम, मला आवडत नाही हे तुला कोणी सांगितलं होतं?

तेकेंदामाच्या धबधब्याला पाठवू नकोस, पाण्याला घाण वास येतो. आपल्या वेळीही येत होता. तू त्याचा रुमाल नाकाला लावून “किती सुंदर!” म्हणत उभी होतीस.

सोपोच्या रस्त्यावर अंड्याच्या फेसाचं, स्ट्रॉबेरी आणि साय घातलेलं मेरेंग मिळतं ते खावं. चौकात ओब्लेया खाव्यात, दोन पातळ पापड्यांमध्ये आटवलेलं दूध. ती खाताना नाकाला लागतं आणि मग दुसऱ्यानं ते पुसायचं असतं. जोडपी खातात ती त्यासाठीच. माझं मी पुसायचे.

एवढी यादी पुरे. पंधरा दिवसांत यातलं निम्मंही व्हायचं नाही.

आता ते दुसरं. आजारी माणूस शेवटी काहीही बोलतो. आईनं शेवटच्या आठवड्यात मला तीनदा विचारलं होतं की तिचा घोडा बांधला का. आपल्याकडे घोडा कधी होता? तेव्हा एवारिस्तोच्या बोलण्यात अर्थ शोधत बसू नकोस. आणि तू लिहितेस की तुला प्रवास झेपायचा नाही, राख पोरंच घेऊन येतील आणि वर ठेवतील. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांचं लग्न डिसेंबरात. लग्नाआधी जोडीनं मोन्सेराते चढलं की लग्न मोडतं, हे बोगोतात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. व्हेनेझुएलात राहून तू विसरलीस का? आईनं तुम्हाला चार वर्षांत त्या डोंगराच्या पायथ्याशी ओब्लेयासुद्धा खाऊ दिल्या नव्हत्या. त्याला ग्वाताविताला सोडा. पाणी आहे, शांत आहे, जुन्या काळी राजे तिथल्या तळ्यात सोनं सोडायचे. त्याला आणखी काय हवं?

आणि त्याच्या दाढीच्या डब्यात सापडला तो लाल प्लास्टिकचा डोळा, किल्ल्यांना अडकवतात तसला, भोकाला डोळा लावून उजेडाकडे धरला की आतला फोटो दिसतो तो. ‘आत काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं आहे, कुणाचा असेल?’ असं विचारलंयस. मला काय माहीत? त्या वेळी जत्रेत-बाजारात सगळीकडे मिळायचे. दिसत नसेल तर टाकून दे.

तुझ्या लग्नाच्या झग्याच्या पाठीवर शेवटची बारा बटणं वेगळी लागली, हे तू अजून विसरली नाहीस. योलिमारच्या झग्याला मावशीला हात लावू देणार नाही, असं गमतीनं लिहिलंयस. बरं. मीही गमतीनं वाचलं.

पोरांना माझ्याकडे उतरू दे. खोल्या रिकाम्याच आहेत. लग्न झालेलं नाही, तेव्हा खोल्या दोन देईन. आईचं घर आहे.

तुझी ताई,
नोरा

*

बोगोता, १२ सप्टेंबर २००८

मिर्याम,

ते पत्र पोस्टात पडलं, आता परत मिळायचं नाही. हे त्याच्या मागोमाग येईल. दोन्ही एकदम पोचली तर आधी ते वाच आणि मग हे. त्यात मी खोटं लिहिलंय.

मार्चमध्ये लाइन खराब नव्हती. तुझा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. मीच रिसीव्हरवर हात दाबून धरला होता, कारण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मेव्हण्यासाठी काढायचा आवाज नव्हता.

पत्र टाकून घरी आले आणि बटणांचा डबा काढला. त्या डब्यात सगळ्यात खाली, चिंधीत गुंडाळून, एक निळा प्लास्टिकचा डोळा आहे. तो तुझ्या लालचा जोडीदार आहे. दोन्ही एकाच माणसानं, एकाच दिवशी, एकाच फोटोचे बनवून दिले होते. बत्तीस वर्षांत मी त्यात एकदाही डोळा लावला नव्हता. काल खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरला. सगळे रंग जागच्या जागी आहेत. मागं पांढरं चर्च, माझा तपकिरी रुआना, त्याचा हिरवा गळपट्टा. काल शिवून संपवावा इतका ताजा.

शिवणकाम करणाऱ्या बाईला रंगाचं कळतं. पेटीत राहिलेलं कापड उडत नाही. जे रोज उन्हात निघतं तेच पांढरं पडतं. तू लिहिलंस, लाल डोळ्यात आता काहीच उरलं नाही. मिर्याम, दाढी करताना तो आरसा खिडकीपाशी टांगायचा का? मी ते वाचलं तेव्हा लक्षात आलं नाही. काल आलं.

आता ऐक. लग्नाला तीन आठवडे होते. शनिवार. तू आईबरोबर चर्चमध्ये कागदांसाठी निघाली होतीस. मी तुझ्या झग्याला तीस बटणं लावली होती आणि बारा कमी पडत होती. एवारिस्तो तारऑफिसातून आला, तेव्हा निघता निघता आईच त्याला म्हणाली, “ताईबरोबर बाजारात जा, झग्याची लेस जड असेल.” तुमच्यामागे चार वर्षं मला धाडणाऱ्या आईला आमच्यामागे कोणाला धाडावंसं वाटलं नाही. यात तिचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. मलाही तेव्हा तसं वाटलं नाही.

खाली चौकात आल्यावर त्यानं वर बघितलं. डोंगरावर ढग नव्हता, चर्च दाताएवढं दिसत होतं.

“ताई, लहानपणानंतर मी वर गेलेलोच नाही. चला ना, चढू या.”

“आणि बटणं?”

“येताना घेऊ. मिर्यामबरोबर जायची सोय नाही. तुमच्याबरोबर काय धोका?”

तुमच्याबरोबर काय धोका. असं म्हणाला तो, हसत. मला त्याला तिथंच सोडून बटणं घ्यायला जायला हवं होतं. मी गेले त्याच्याबरोबर. मला बघायचं होतं, खरंच नाही का धोका.

दीड हजार पायऱ्या. पहिल्या पाचशे तो तुझ्याबद्दल बोलला. मग दम लागला आणि गप्प झाला. तिथंच वाटेत आम्ही गुळाचं गरम पाणी आणि चीज घेऊन बसलो. त्यानं विचारलं, मला काय आवडतं. मी म्हटलं, कशातलं? तो म्हणाला, “कशातलंही. चार वर्षं तुम्ही आमच्या मागे आहात आणि मला ठाऊकच नाही तुम्हाला काय आवडतं.” मी म्हटलं, “गरम पाण्यात पाय बुडवायला आवडतात.” तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मी कपातलं पाणी सांडलं.

त्यानंतर त्यानं मला ताई म्हटलं नाही. पुढच्या हजार पायऱ्या तो “नोरा, दगड सैल आहे” आणि “नोरा, सावकाश” म्हणत होता. आम्ही शेजारी शेजारी चाललो होतो. मला शेजारी चालायची सवय नव्हती, माझे पाय सारखे मागे राहायचे, आणि तो थांबायचा.

वर चर्चमध्ये पडलेल्या येशूच्या मूर्तीसमोर गुडघे टेकले. बाहेर आलो तर तो फोटोवाला. “साहेब, बाईंच्या जवळ या, बाईंना थंडी वाजतेय!” आम्ही नवरा-बायको नाही, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही. अर्ध्या तासानं त्यानं दोन डोळे हातात दिले, लाल आणि निळा. एवारिस्तोनं निळा मला दिला आणि हात सोडला नाही.

“नोरा, तू एकदा नको म्हण. लग्न करू नकोस म्हण फक्त, उद्या सकाळी मी तुझ्या आईसमोर उभा राहतो.”

मिर्याम, मी काय म्हणाले असेन? तुला मी माहीत आहे. चार वर्षं मी दुसऱ्यांचे हात सोडवत आले होते. सिनेमाच्या बाहेर, बसमध्ये, खाणीत. “हात, एवारिस्तो.” “उशीर झाला, मिर्याम.” माझाच हात कोणी धरला तर काय म्हणायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मला जे येत होतं तेच मी म्हणाले.

“चला, उशीर झाला. आई वाट बघत असेल.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. एवढाच माझा त्याच्यावर राग आहे, पण तो बत्तीस वर्षं पुरला. दुसऱ्यांदा विचारायला त्याला काय जड होतं? तुझ्यासाठी त्यानं चार वर्षं रविवार घालवले, माझ्यासाठी एक वाक्य. उतरताना तो पुढे आणि मी मागे. दहा पावलं. कोणी सांगितलं नव्हतं.

खाली आलो तर दुकान बंद. दुसरीकडे मिळाली ती बटणं घेतली, जरा मोठी, जरा पिवळट. तुझ्या पाठीवरची ती बारा. तू रडलीस आणि म्हणालीस, “ताईनं मुद्दाम केलं, ती जळते.” आईनं तुला गप्प केलं. मी काही बोलले नाही, कारण मुद्दाम केलं नव्हतं आणि जळत होते.

पुढचं तुला माहीतच आहे. तुम्ही गेलात. मी पंधरा वर्षं आईच्या औषधाच्या वेळा सांभाळल्या. नात्यातली माणसं यायची, कॉफी प्यायची आणि जाताना दारात कुजबुजायची, “बिचारी नोरा, तिला कधी कोणी नव्हतंच.” आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज सकाळी तो डोंगर दिसायचा. खिडकीला मी पडदा शिवला नाही. स्वतःच्या घरचं शिवायचं राहूनच जातं, असं लोकांना सांगायचे.

मी क्षमा मागत नाही. मी तुझं काही घेतलं नाही, जे हातात आलं होतं तेही परत केलं, आणि ते तू बत्तीस वर्षं वापरलंस. तो तुझ्याशी चांगला वागला असेल, वाईट वागणारा माणूस नव्हता तो. पण तू विचारलंस, त्याला मोन्सेराते का हवा होता. आणि ज्या तऱ्हेनं तो लाल डोळा कुणाचा म्हणून विचारलंस, त्यावरून वाटतं की उत्तर तुलाही सुचलं होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. घे मग.

आईच्याच नियमानं बघ. तो डोंगर भावाबहिणीचं काही करत नाही. शेजाऱ्यांचं काही करत नाही. मेव्हणा-मेव्हणी चढली तर त्यांचंही नाही. तो फक्त प्रेमात पडलेल्यांना वेगळं करतो. आम्ही जोडीनं चढलो आणि आमचं लग्न झालं नाही. तेव्हा नोराला कोणी नव्हतं असं यापुढे माझ्यासमोर कोणी म्हणू नये. तूही नाही.

निळा डोळा या पाकिटात ठेवलाय. एक डोळा मीट आणि उजेडाकडे धर. बघून झालं की परत आण. पोस्टानं पाठवायचा नाही, स्वतः आणायचा.

कारण राख पोरांच्या हातानं वर जाणार नाही. योलिमार आणि विल्मेरला आपण खाली चौकात बसवू, ओब्लेया खात, एकमेकांची नाकं पुसत. तुला यावं लागेल. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, रोपवे आहे. वर उतरल्यावर चर्चपर्यंत चढाचा थोडासा रस्ता राहतो, तो तुला जमेल.

तिथं त्याला माझ्या हातात दे. मी आणि तो पुढे चालू. तू मागून ये.

दहा पावलं. कमी नाही, जास्त नाही.

नोरा